किराणा यादीत गरज किती आणि हौस किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किराण्याचं बिल फुगलं की पहिली कात्री डाळीवर नाहीतर दुधावर चालते, आणि फरसाणाची पिशवी मात्र दर आठवड्याला बिनबोभाट घरात येत राहते. हे उलटं कसं करायचं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेब चौघांच्या घराचा धरला आहे: नवरा-बायको, एक आजी किंवा आजोबा आणि शाळेत जाणारं एक मूल. तुमच्याकडे माणसं कमी-जास्त असतील तर आकडे तसे बदलून घ्या.

गरज कोणती आणि हौस कोणती, हे ठरवायचं कसं?

"याच्यावाचून घरात अडेल का?" एवढंच विचारायचं. मात्र वस्तूचं नाव घेऊन विचारू नका, किती आणि कसली हवी तेही धरून विचारा. बहुतेकजण यादीचे दोन रकाने पाडतात. एकीकडे तांदूळ-डाळ, दुसरीकडे बिस्किटं-चॉकलेट. मग साखर कुठे लिहायची, तूप कुठे लिहायचं, तिथे गाडी थांबते.

साखर गरजेचीच आहे. चौघांना महिन्याला सहा किलो साखर मात्र गरजेची नाही. तांदूळ लागतोच, पण रोजच्या वरणभाताला आंबेमोहोर घ्यायचा तर कोलम आणि आंबेमोहोर यांच्या भावात जेवढा फरक, तेवढी हौस. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या पोटात एक रेघ असते. रेघेच्या अलीकडे गरज, पलीकडे हौस. रेघेपलीकडचं आणायचंच नाही असं मुळीच नाही. ते किती आणि कुठल्या पैशातून आणतोय, एवढं माहीत असलं म्हणजे झालं.

ती रेघ कुठे मारायची? आकडा कुठून काढायचा?

आकडा तुमच्याच डब्यांतून निघतो. तूरडाळीचं पाकीट फोडून डब्यात ओतलं की झाकणावर कागदी पट्टी चिकटवा आणि त्यावर पेनाने लिहा: "तूर, २ किलो, ३ तारीख". डबा संपला त्या दिवशी पट्टीवर दुसरी तारीख टाका. चहा पावडर, साखर, तेल, रवा, पोहे, शेंगदाणे, सगळ्यांना हेच. दोन-तीन महिन्यांत तुमच्या घराचं खरं माप हाती येतं. दर महिन्याला पोह्यांची दोन पाकिटं लिहिली जातात आणि संपतं एकच, हे असंच कळतं. दुसरं फडताळात मागे ढकललं जातं आणि पाखरं लागली की बाहेर येतं.

काही वस्तूंना मात्र घरच्या मापावर सोडून चालत नाही, कारण आपला हातच सैल असतो. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांचं महिन्याचं ते ६०० ग्रॅम होतं. साखरेची वरची मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम धरली, तर महिन्याला तीन किलो. तेल माणशी महिना अर्धा लिटर, म्हणजे घराला दोन लिटर. बहुतेक घरांत याच्या दीडपट-दुप्पट जातं. तेव्हा तेल-साखरेच्या रेघेपलीकडचे पैसे वाचले तर वैद्याचेही थोडे वाचतात. (दिवाळीच्या महिन्यात हे आकडे घरात वाचून दाखवू नका. कोणी ऐकणार नाही.)

आम्ही फार काही आणत नाही, तरी पैसे जातात कुठे?

तयार खाण्यात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा खाण्यापिण्याचा निघाला. त्यात सगळ्यात मोठा हिस्सा पेयं, तयार जेवण आणि पाकीटबंद खाण्याचा, ११ टक्के. दूध-दुभतं सात टक्क्यांच्या आसपास, आणि गहू-तांदूळ-ज्वारी वगैरे सगळी तृणधान्यं मिळून जेमतेम चार टक्के. म्हणजे वाण्याशी गव्हाच्या किलोमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करून जे मिळतं, ते परतीच्या वाटेवर वेफर्सच्या एका पाकिटात जातं.

यातलं बरंचसं महिन्याच्या यादीत नसतंच. ते "येताना घेऊन ये" मधून घरात येतं. म्हणून एक महिना फक्त यादीबाहेरच्या खरेदीची नोंद ठेवा. भाजीच्या पिशवीत टाकलेली खारी, दुधाच्या पिशवीबरोबर आलेलं श्रीखंड, शनिवारची भडंग. यादीतल्या वस्तूंना महिनाभर हात नाही लावला तरी चालेल.

यादी करायची कधी आणि कशी?

डबे उघडून, आणि पोट भरलेलं असताना. आठवेल तसं लिहिलं की जे आवडतं ते आधी लिहिलं जातं. फळीवरच्या डब्यांच्या क्रमाने लिहिलं तर जे संपलंय ते लिहिलं जातं. शिल्लक अंदाजे नोंदवा: "रवा अर्धा डबा, नको". नको हेही लिहा. नाहीतर दुकानात शंका येते आणि शंकेचा फायदा नेहमी दुकानदाराला मिळतो.

मुंबई ग्राहक पंचायतीचं या बाबतीत उदाहरण घेण्यासारखं आहे. १९७५ पासून त्यांच्याकडे शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवतात. माल घाऊक भावात मिळतो हा फायदा उघडच आहे. माझ्या मते खरी बचत मागणीच्या तक्त्यात आहे. तो आधी, घरी बसून भरावा लागतो. समोर चकचकीत मांडणी नाही, वास नाही, "एकावर एक मोफत"ची पाटी नाही. असा संघ जवळपास नसेल तरी ही शिस्त उचलता येते: यादी आदल्या दिवशी करायची, वाण्याकडे पाठवून द्यायची आणि सामान घरपोच मागवायचं. स्वतः मॉलमध्ये ढकलगाडी घेऊन फिरणं ही करमणूक आहे. तिचे पैसे करमणुकीत धरा.

म्हशीचं दूध चैन आहे का? पिशवी बदलली तर बचत होईल ना?

होईलच असं नाही, आणि इथे घाई करणारे पुष्कळ. टोन्ड दुधात साधारण ३ टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधात ६ टक्के. म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम विरुद्ध ६० ग्रॅम. तुम्ही साय काढता, विरजता, ताक घुसळून लोणी काढता आणि तूप कढवता का? काढत असाल तर जास्तीचे पैसे तुपाच्या रूपाने परत येतात. सगळे नाही, कारण थोडा स्निग्धांश दुधातच राहतो. पण ताकही मिळतं आणि बेरीही. महिन्याला घरात किती तूप निघतं ते एकदा वजन करून बघा. त्याची बाजारातली किंमत एका बाजूला, दोन दुधांच्या भावातला फरक गुणिले महिन्याचे लिटर दुसऱ्या बाजूला. गॅस आणि घुसळणाऱ्याचे हात हेही मोजा.

साय कोणी खात नाही, काढत नाही, गाळणीत अडकून सिंकमध्ये जाते, अशा घरात म्हशीचं दूध ही पूर्ण हौस. फक्त चहापुरतं दूध लागत असेल तर टोन्ड घ्या आणि मोकळे व्हा.

तूरडाळ महागली की डाळ कमी करावी का?

नाही. तूर कमी करा, डाळ नको. आपल्याला वरण म्हणजे तुरीचंच अशी सवय आहे. मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी यांत प्रथिनं जवळपास तेवढीच, शंभर ग्रॅममागे साधारण २० ते २४ ग्रॅम. आठवड्यातून दोन दिवस मसुराची आमटी, एक दिवस मुगाचं वरण, एक दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ, असं केलं तर तुरीचा खप निम्म्यावर येतो. तुरीत थोडी मसूरडाळ मिसळून शिजवली तर साध्या वरणात पहिल्या दिवशी कळते, चौथ्या दिवशी कोणी विचारत नाही. अंडी खाणाऱ्या घरात तर प्रश्न आणखी सोपा.

डाळ, दूध, अंडी, भाजी, फळं यांवर कात्री लावून जमवलेल्या पैशाला मी बचत म्हणणार नाही.

मुलांच्या खाऊचं काय? "नाही" म्हणवत नाही.

म्हणूही नका. खाऊ ही मुलांची गरजच आहे. दर खेपेला नवं पाकीट ही हौस. महिन्याच्या सुरुवातीला खाऊची रक्कम ठरवा आणि त्यात काय बसवायचं ते मुलाला ठरवू द्या. तीनशे रुपये धरले तर कुरकुरीत पाकिटांत ते किती दिवसांत उडतात आणि चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, खजूर यांत किती पुरतात, हे सातवी-आठवीतलं मूल स्वतः काढतं. लहानांना हिशेब कळत नाही, पण डबा कळतो. खाऊचा एक डबा ठेवा. आठवड्याचा खाऊ त्यात रविवारी भरायचा. बुधवारी संपला तर संपला.

दहा रुपयांच्या पाकिटांकडे जरा नीट बघा. किंमत वर्षानुवर्षं तीच राहते, आतले ग्रॅम कमी होत जातात. किलोच्या भावाने मोजलं तर त्या पैशात बरे काजू येतील, अशी पाकिटं सापडतात.

घरातली मोठी माणसं ठरावीक मालच मागतात. त्यांना कसं सांगायचं?

आधी तपासा की ते खरंच हौस म्हणून मागताहेत का. कवळी बसवलेल्या आजोबांना मऊ भाताचा तांदूळ लागतो आणि जाड भात त्यांच्या ताटात तसाच राहतो. मग स्वस्त तांदूळ आणून काय मिळवलं? मंगळवेढ्याकडून पुण्यात आलेल्या घरात मालदांडी ज्वारीची भाकरी ही चैन नसते, मग तिचा भाव गव्हाच्या वर जावो. जन्मभराची ताटातली सवय गरजेतच धरावी, असं माझं मत आहे. निदान साठीपुढच्यांची तरी.

पण "अमुकच कंपनीचा हिंग" किंवा "तमक्याच दुकानाची चहा पावडर" हे वेगळं. तिथे त्यांची आणि दुसरी स्वस्तातली, दोन्ही पावडरी आणून, न सांगता चहा करून द्यायचा. ओळखला तर त्यांचं खरं. नाही ओळखला तर पुढच्या महिन्यात तेही विषय काढणार नाहीत. सासूबाईंसमोर यादी वाचून "हे गरजेचं नाही" म्हणणं मात्र टाळा. यादी त्यांच्याच हाती द्या आणि "आई, यातलं पुढच्या महिन्यावर काय ढकलता येईल?" असं विचारा. साठवणीच्या अंदाजात त्यांचा हात कोणी धरत नाही.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं ना?

नेहमी नाही. आता पाकिटावर छापील किमतीबरोबर एककाचा भावही द्यावा लागतो. किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमचा असतो, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोचा. त्यामुळे सरळ तुलना होत नाही. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणा आणि मग दोन्ही पाकिटं शेजारी धरा.

शाम्पूच्या बाबतीत बऱ्याचदा एक-दोन रुपयांच्या पुड्या मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. शिवाय बाटली उघडी असली की हात मोकळा सुटतो.

तेलाकडे सगळ्यात बारकाईने बघा. पिशवी दिसायला लिटरची, पण आतलं वजन वाचलं तर ८०० किंवा ८५० ग्रॅम निघतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. डब्याचंही तेच: "पंधराचा डबा" दोन प्रकारचा येतो, पंधरा किलोचा आणि पंधरा लिटरचा. पंधरा लिटरमध्ये तेल साडेतेरा किलोच्या थोडंच वर असतं. दोघांच्या भावात शंभर-दीडशेचा फरक दिसला की स्वस्तातला उचलला जातो, आणि सव्वा किलोच्या वर तेल मागे दुकानातच राहतं.

"एकावर एक मोफत" असलेली वस्तू यादीत असेल तर जरूर घ्या. यादीत नसेल तर दोन्ही नग हौशीच्या खात्यात लिहा, मोफतचासुद्धा.

वर्षाचं धान्य एकदम भरावं का?

जागा, ऊन आणि एकरकमी पैसे, तिन्ही असतील तर भरावं. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, नवी तूर जानेवारीच्या आगेमागे, नवा तांदूळ दिवाळीनंतर. तांदूळ मात्र जुना झालेलाच मोकळा शिजतो, तेव्हा नवा आणून लगेच खायला काढू नका. पोळीवाल्या घरात चौघांना महिन्याला बारा-पंधरा किलो गहू लागतो. वर्षाचा हिशेब दीड-पावणेदोन क्विंटलवर जातो.

कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून धान्य भरू नका. भावातला फायदा व्याजात जातो. वन-बीएचकेत पलंगाखाली कोठी ठेवायची असेल तर तीन महिन्यांचंच भरा. पावसाळ्यात दमट हवेत सोंडे-किडे झाले की अख्ख्या वर्षाची बचत पाखडण्यात जाते.

तिखट-मसाल्याचं मात्र वर्षाचंच करा. उन्हाळ्यात ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी मिरची आणून, वाळवून, डंकावरून कुटून आणली तर महिन्याची मसाल्याची पाकिटं यादीतून जवळजवळ गळतात. चवीचं तर बोलायलाच नको.

सणवार आणि उपवासांनी बजेट कोलमडतं.

सण अचानक येत नाहीत, कालनिर्णयात छापलेले असतात. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी यांचा मागच्या वर्षीचा खर्च आठवून बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाका. भिशी लावत असाल तर तिचा नंबर दिवाळीच्या आधी मागून घ्या. फराळाचं सामान दिवाळीच्या आठवड्यात न आणता टिकणारं तेवढं महिनाभर आधी आणा. रवा, पातळ पोहे, साखर चालतील. ओलं खोबरं अर्थातच नाही.

उपवासाचं म्हणाल, तर "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे खर्चालाही लागू आहे. साबुदाणा, शेंगदाणे, भगर, राजगिरा, बटाट्याचे वेफर्स, खजूर, वर फळं. चार माणसांचा श्रावणी सोमवार साध्या जेवणाच्या कितीतरी वर जातो. उपवास सोडा असं कोणी म्हणत नाही. भगर आणि दाण्याची आमटी ही गरज, उपवासाचा तयार चिवडा ही हौस.

दहा मिनिटांत घरपोच मागवणं सोयीचं पडतं. त्यात वाईट काय?

औषधासारखं वापरलं तर काहीच नाही. पाहुणे दारात आणि दूध फुटलं, अशा वेळी चार पैसे जास्त गेले तरी हरकत नसावी. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी ऑर्डर टाकली की पोचवण्याचा आकार वाचवायला आणखी शंभर-दीडशेचं काहीतरी टोपलीत टाकलं जातं. ते "काहीतरी" हमखास रेघेपलीकडचं असतं. ॲपमध्ये टोपली भरा, पण पैसे रात्री जेवण झाल्यावर भरा. निम्म्या टोपल्या तशाच राहतील.

सुटा माल घ्यावा की पाकीटबंद?

डाळी, तांदूळ, गहू, रवा, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटांवर ५ टक्के जीएसटी लागतो. वाण्याने पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या मालावर लागत नाही. ओळखीचा भुसारी असेल आणि माल निवडायची तयारी असेल तर सुटा घ्या. तिखट, हळद आणि तेल सुटं घेऊ नका, भेसळीची शंका नको. घरी निवडायला कोणालाच वेळ नसेल तर निवडलेल्या धान्याचे जास्तीचे पैसे गरजेतच धरावेत.

रेशनचं धान्य घ्यावं का? लोक काय म्हणतील?

हक्काचं असेल तर जरूर घ्या. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गाव सोडून शहरात कामाला आलेल्यांना त्याच कार्डावर इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं. चौघांचे वीस किलो म्हणजे यादीतल्या दोन ओळी गेल्याच.

वाण्याकडचं उधारीचं खातं बंद करावं का?

एकदम बंद करू नका. अडीनडीला तोच उभा राहतो, आणि पगार लांबला तर ॲप थांबत नाही, वाणी थांबतो. फक्त वही तुमच्याकडेही ठेवा आणि मुलांना "काकांकडून लिहून आण" म्हणून पाठवणं थांबवा. खात्यावर फक्त यादीतलं सामान मांडायचं, बाकी सगळं रोख, असं त्यांना सांगून ठेवा. महिनाअखेरीला दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळवा आणि मगच पैसे द्या.